चढता चेंडू

हातातून सुटलेला चेंडू खाली येतो, ही गोष्ट कोणास शिकवावी लागत नाही. पाळण्यातले मूल खुळखुळा खाली टाकते, तो पडलेला पाहून हसते आणि पुन्हा मागून घेते. माणसाची या नियमाशी ओळख तेव्हापासूनची. म्हणूनच सॉफ्टबॉलच्या खेळात ज्या फेकीला ‘राइज’ म्हणतात, तिचे पाहणाऱ्याला नवल वाटते. चेंडू फेकणारीच्या कमरेखालून सुटतो, मांडीच्या उंचीवरून येत आहे असे दिसते, फलंदाज त्या बेताने बॅट फिरवते. आणि बॅट पोचते तो चेंडू तिच्या वरून निघून कॅचरच्या हातमोज्यात छातीपाशी जाऊन बसलेला असतो. बॅट हवेत फिरते आणि फलंदाज क्षणभर बॅटकडेच पाहत राहते, जणू काही दोष तिचाच असावा.

सॉफ्टबॉल हे नाव मोठे फसवे आहे. चेंडू मुळीच मऊ नसतो. त्याचा घेर बारा इंच आणि वजन सुमारे १८० ते २०० ग्रॅम. म्हणजे क्रिकेटच्या चेंडूहून तो आकाराने मोठा आणि वजनानेही जास्त. जन्माच्या वेळी मात्र हा खेळ खरोखरच मऊ होता. १८८७ सालच्या नोव्हेंबरात अमेरिकेतील शिकागो शहरी, फॅरागट बोट क्लबात काही तरुण एका फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट पाहत बसले होते. निकाल कळताच एकाने आनंदाच्या भरात मुष्टियुद्धाचा हातमोजा दुसऱ्याकडे भिरकावला आणि दुसऱ्याने तो काठीने टोलवला. जॉर्ज हॅन्कॉक नावाच्या गृहस्थाने तो मोजा दोरीने आवळून त्याचा चेंडू केला आणि बंद दालनात खेळ मांडला. पुढे तो अंगणात आला, मैदानात आला, चेंडू टणक झाला; आणि सॉफ्टबॉल हे नाव मिळाले तेव्हा १९२६ साल उजाडले होते. या खेळात चेंडू खांद्यावरून फेकावयाचा नसतो. हात पवनचक्कीच्या पात्यासारखा संपूर्ण फिरवून, कमरेच्या खालून तो सोडावा लागतो. स्त्रियांच्या सामन्यात फेकण्याची जागा फलंदाजाच्या पाटीपासून ४३ फुटांवर असते. महाराष्ट्रातील शालेय क्रीडास्पर्धांतही हा खेळ खेळला जातो, आणि त्यामुळेच तो काशीमीऱ्यापर्यंत येऊन पोचला.

मुंबईहून अहमदाबादकडे जाणारा महामार्ग दहिसरची वेस ओलांडतो, त्यानंतर थोड्याच अंतरावर काशीमीरा लागते. काशी आणि मिरा ही येथली दोन जुनी गावे. त्यांची नावे एकमेकांस चिकटून हे नाव झाले. पूर्वेस राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत, पश्चिमेस भाईंदरपर्यंत इमारतींची दाटी, आणि तिच्याही पलीकडे मिठागरे व वसईची खाडी. घोडबंदराकडे वळणाऱ्या मालमोटारींचा घोष येथे रात्रंदिवस चालू असतो. पावसाळ्यात डोंगर हिरवागार होतो, त्यावर ढग उतरतात, आणि खाली रस्त्यावर वाहनांची रांग तसूभरही पुढे सरकत नाही. अशा गावात मोकळी जागा ही सर्वांत दुर्मीळ वस्तू होय. जिला मैदान म्हणता येईल अशी जागा आहे, तेथे क्रिकेटचे सहा डाव एकाच वेळी चाललेले असतात. एका डावाचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या डावाच्या यष्टिरक्षकाला पाठ टेकून उभा असतो.

या गावातल्या दोन मुलींनी एका इमारतीच्या मागे, डोंगराच्या बाजूस, भिंतीलगतची एक लांबट पट्टी शोधून काढली. दोघीही सातवीत शिकणाऱ्या. एक चेंडू फेकणारी, म्हणजे पिचर; दुसरी झेलणारी, म्हणजे कॅचर. कॅचरची आई घरी शिवणकाम करीत असे. तिची मापाची फीत पाच फुटांची. ती फीत आठ वेळा पूर्ण आणि वर तीन फूट अशी जमिनीवर मांडून त्यांनी ४३ फूट मोजले आणि दोन्ही टोकांना विटेच्या तुकड्याने रेघा ओढल्या. पावसाने रेघा पुसल्या की पुन्हा फीत यावयाची. या मापात त्या दोघी कधी एका बोटाचीही सूट घेत नसत.

पिचर मुलीने राइज फेक पाहिली होती ती फोनच्या लहानशा पडद्यावर. टोकियो येथे २०२१ साली झालेल्या ऑलिंपिक स्पर्धेत जपानच्या युकिको उएनो हिने एकोणचाळीस वर्षांच्या वयात अमेरिकेच्या फलंदाजांना अंतिम सामन्यात नमवले होते. याच उएनोने त्याआधी तेरा वर्षांपूर्वी, २००८ साली बीजिंग येथे, दोन दिवसांत तीन सामने खेळून ४१३ चेंडू फेकले होते आणि आपल्या देशाला सुवर्णपदक मिळवून दिले होते. मुलीने तो चेंडू वर चढताना पुन्हा पुन्हा पाहिला. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन तिने क्रीडाशिक्षिका बाईंना सांगितले, “बाई, मला राइज शिकायचा आहे.”

बाई म्हणाल्या, “आधी वेग, मग फिरकी, आणि मग राइज. तुला अजून पहिलंच यायचंय.”

असे उत्तर कोणत्या मुलाला रुचते? त्याच संध्याकाळी तिने आपल्याच बुद्धीने प्रयोग आरंभला. चेंडू वर जावयास हवा, तर तो वर फेकावा, इतका सरळ तिचा हिशेब होता. उजवा खांदा खाली पाडून, पाठ मागे वाकवून तिने चेंडू सोडला. तो कॅचरच्या डोक्यावरून गेला, कुंपणाच्या भिंतीवरून गेला आणि पलीकडल्या आवारात पत्र्यावर आदळला. पहारेकरी काका बाहेर आले. दुसराही चेंडू तिकडेच गेला, तेव्हा काकांनी तो अर्धा तास आपल्या खुर्चीखाली ठेवून घेतला. उंच फेकणे आणि चेंडू चढवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढे त्या अर्ध्या तासात दोघींना समजले. उंच फेकलेला चेंडू कोठे जाणार हे फलंदाजास पहिल्या क्षणीच कळते. ती बॅट खांद्यावर ठेवून त्याला जाऊ देते.

बाईंना ही हकीकत कळली. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी दोघींना फळ्यापाशी नेले आणि हातात खडू घेतला. चेंडू ताशी १०० किलोमीटर वेगाने सुटला आणि त्याला सुमारे ११ मीटर जावयाचे असले, (पाऊल पुढे टाकून चेंडू सोडला जात असल्यामुळे प्रत्यक्ष अंतर ४३ फुटांहून कमी भरते) तर त्याला सेकंदाचे चार दशांश लागतात. तेवढ्या वेळात पृथ्वी त्याला सुमारे ८० सेंटिमीटर खाली ओढते. वेग ताशी ७० किलोमीटरवर आला, तर वेळ वाढतो, आणि ओढ सुमारे १५७ सेंटिमीटर होते. वेग तिसऱ्या हिश्शानेही कमी झाला नाही, पण चेंडूचे पडणे मात्र दुप्पट झाले! बाईंनी दोन्ही आकड्यांखाली रेघ ओढली. ‘आधी वेग’ का, हे आता निराळे सांगावे लागले नाही.

मग फिरकीची गोष्ट निघाली. ती समजावयास हवी असेल तर मोटारीचा किंवा सायकलचा जुना टायर घेऊन रस्त्यावर पळणाऱ्या मुलांकडे पाहावे. टायर पुढे ढकलताना त्याला उलटा, म्हणजे आपल्या दिशेने, झटका दिला, तर तो काही अंतर घसरत जातो, थबकतो आणि आपल्याकडे परत येतो. राइजच्या चेंडूला अशीच उलटी फिरकी द्यावयाची असते. त्याचा वरचा भाग फेकणारीकडे फिरत असतो आणि खालचा भाग फलंदाजाकडे. चेंडू जेथे जमिनीला टेकतो तेथे या फिरकीचे काम दिसते. पण हवेत टेकावयास काय आहे? हवाच आहे. चेंडूच्या वरून मागे वाहणारी हवा त्या फिरत्या पृष्ठभागाला अधिक काळ चिकटून राहते आणि चेंडूमागे गेल्यावर खाली वळते. नावाडी वल्ह्याने पाणी मागे लोटतो, म्हणून होडी पुढे जाते. तसाच चेंडू हवेला खाली लोटतो, म्हणून हवा त्याला वर उचलते.

हे काही सॉफ्टबॉलवाल्यांनी शोधून काढलेले नाही. टेनिसचा चेंडू तिरकस फटक्याने वाकडा जातो, ही गोष्ट न्यूटनने १६७२ साली एका पत्रात लिहून ठेवली होती. आणि ती लिहिली प्रकाशाच्या किरणांविषयी लिहीत असताना! पुढे १८५२ साली मॅग्नस या जर्मन शास्त्रज्ञाने फिरत्या वस्तूवर हवेचा जोर कसा पडतो याचे प्रयोग केले, म्हणून या परिणामास त्याचे नाव पडले. आपल्याकडचा फिरकी गोलंदाज न्यूटन वाचून गोलंदाजी करीत नाही, हे खरे. पण त्याच्या चेंडूभोवतीची हवा तोच नियम पाळते.

पिचर मुलगी मन लावून ऐकत होती. तिने विचारले, “मग बाई, हवेचा जोर पृथ्वीच्या ओढीपेक्षा जास्त असतो ना? म्हणून तो चढतो ना?”

येथे बाई थोड्या थांबल्या. “हो” म्हणून मोकळे होणे सोपे होते. मुलगी आनंदाने उडी मारीत गेली असती. पण बाईंनी खरे ते सांगितले. हवा चेंडूला उचलते, परंतु त्याच्या पूर्ण वजनाइतके उचलू शकत नाही. त्याचा काही भाग तेवढा पेलते. चेंडू कमरेखालून, किंचित वरच्या रोखाने सुटलेला असतो, म्हणून तो वर जाताना दिसतो, आणि तो खरोखर वर जातोही. परंतु वाटेतच एकाएकी उडी घेतो, असे जे फलंदाजास वाटते, तसे मात्र घडत नाही. घडते ते असे की, जेवढा पडावयास हवा होता तेवढा तो पडत नाही. फलंदाजाने आयुष्यात हजारो चेंडू पाहिलेले असतात. कोणता चेंडू किती पडेल याचा आडाखा तिच्या डोळ्यांत बसलेला असतो. चेंडू बॅटपाशी पोचण्यापूर्वीच तिला बॅट फिरवावी लागते, म्हणून अखेरच्या टप्प्यात ती डोळ्यांवर नव्हे, आडाख्यावर खेळते. राइज त्या आडाख्याहून वीतभर वर येतो.

“म्हणजे ती डोळ्यांची फसवणूकच?” मुलीचा चेहरा उतरला होता.

“फसवणूक फलंदाजाची. तुझी नाही,” बाई म्हणाल्या. “तुला तर खरीच फिरकी द्यावी लागणार आहे.”

आडाखा किती बलवान असतो याचा एक दाखला बाईंनी त्याच दिवशी दिला. अमेरिकेत बेसबॉल खेळणारे नामांकित पुरुष फलंदाज याहून पुष्कळ वेगाचे चेंडू सहज टोलवतात. २००४ साली एका प्रदर्शनी सामन्यात जेनी फिंच ही सॉफ्टबॉलची पिचर त्यांच्यापुढे उभी राहिली. अल्बर्ट पुहोल्स, माइक पियाझा यांच्यासारख्या खेळाडूंना तिच्या चेंडूला बॅट लावता आली नाही. त्यांचे डोळे खांद्यावरून येणाऱ्या चेंडूला सरावलेले होते. कमरेखालून निघून वर येणाऱ्या चेंडूचा आडाखा त्यांच्याजवळ नव्हता. बलदंड बाहूंचा तेथे काय उपयोग?

जूनच्या अखेरीस पाऊस लागला आणि डोंगराकडची पट्टी चिखलाने भरून गेली. पिचर मुलीला वाटले, आता सारे बुडाले. पण हा पाऊसच तिच्या उपयोगी पडला. दोघी इमारतीखालच्या वाहनतळात खेळू लागल्या. तेथे छत बुटके, दोन्ही बाजूंस गाड्या उभ्या, हात गरगर फिरवावयास जागा नाही. दहा-बारा फुटांवरून केवळ मनगटाने चेंडू सोडावयाचा, एवढेच तेथे शक्य होते. आणि राइजची सगळी विद्या तर मनगटात आणि बोटांतच असते. मधले बोट शिवणीवर ठेवावयाचे. तर्जनी मुडपून तिचे टोक चेंडूवर रोवावयाचे. अंगठा पलीकडच्या शिवणीवर. चेंडू सुटताना बोटे त्याच्या खालून पुढे कापीत गेली पाहिजेत. आंब्याची फोड सालीपासून सोडवताना सुरी खालून फिरते, काहीशी तशी. ती खालून न जाता बाजूने गेली, की चेंडू भोके पाडण्याच्या गिरमिटासारखा फिरत जातो. त्या फिरकीने हवा चेंडूला ना वर उचलते, ना बाजूला नेते. दिसावयास ती फिरकी झोकदार दिसते, इतकेच.

बाईंनी चेंडूच्या घेराभोवती तांबड्या फितीचा एक पट्टा चिकटवून दिला. मधले बोट त्या पट्ट्यावर ठेवून चेंडू सोडावयाचा. फिरकी खरी असेल तर झेलणारीला समोर एक उभी, स्थिर तांबडी रेघ दिसते. फिरकी खोटी असेल तर तोच पट्टा घड्याळाच्या काट्यासारखा गरगरतो. कॅचर मुलीने या दोहोंना नावे देऊन टाकली. खरी फिरकी म्हणजे ‘चाक’, खोटी म्हणजे ‘स्क्रू’. चेंडू आला की तिने एक शब्द उच्चारावयाचा आणि चेंडू परत द्यावयाचा.

“स्क्रू.”

“स्क्रू.”

“स्क्रू.”

सबंध जुलै महिना वाहनतळात हा एकच शब्द घुमत राहिला. वर राहणाऱ्या एका आजोबांनी तर एकदा खाली येऊन विचारले, “मुलींनो, काही दुरुस्त करताय का?”

फेकणारीचे कौतुक सर्वजण करतात. झेलणारीकडे कोणाचे लक्ष जात नाही. उकिडवे बसून शंभर वेळा हात पुढे करणे, तळवा लाल होईपर्यंत चेंडू घेणे, आणि प्रत्येक वेळी खरे तेच सांगणे, हे सोपे काम नव्हे. मैत्रिणीचा चेहरा पडलेला पाहून एखादे वेळी तरी “चाक” असे खोटेच म्हणावे, असा मोह कोणासही होईल. कॅचर मुलीला तो झाला नाही. एकदा पिचर मुलगी चिडून म्हणाली, “तुला नीट दिसत तरी का?” त्यावर ती शांतपणे उत्तरली, “मला तुझ्यापेक्षा नीट दिसतं. तो माझ्याकडे येतो ना!”

या महाराष्ट्रात चेंडूची विद्या याच रीतीने, दुसऱ्याच्या समोर उभे राहून, एका थोर खेळाडूने मिळवली होती. पाळवणकर बाळू हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यातील एका क्लबात मैदानाची निगा राखण्याच्या नोकरीवर होते. पगार महिना चार रुपये. ग्रेग नावाचे एक इंग्रज फलंदाज सरावासाठी सर्वांच्या आधी मैदानावर येत आणि बाळूंना गोलंदाजी करावयास सांगत. बाळू डाव्या हाताने तासन् तास चेंडू टाकीत. बॅट मात्र त्यांच्या हाती कोणी दिली नाही. जातीमुळे त्यांना चहा देखील मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे. त्या अपमानाच्या दिवसांत त्यांच्या बोटांनी जे साधले, ते १९११ साली जगाने पाहिले: भारतीय संघाच्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. बाळूंची गोष्ट बाईंनी मुलींना सांगितली तेव्हा कॅचर मुलीने विचारले, “त्यांच्या समोरचा फलंदाज त्यांना सांगत असेल का, हा चेंडू चांगला पडला म्हणून?” बाईंना या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही.

ऑगस्टात दहा चेंडूंत दोन ‘चाक’ निघू लागले. गणपती गेले तेव्हा चार. सप्टेंबरच्या अखेरीस पट्टी वाळली, आणि फीत पुन्हा आठ वेळा पूर्ण व वर तीन फूट मांडली गेली. याच सुमारास एक बातमी कळली. कॅचर मुलीच्या घराचे भाडे वाढले होते. दिवाळीनंतर तिचे कुटुंब खाडीपलीकडे, नायगावला राहावयास जाणार होते. भाईंदरहून गाडीत बसले की खाडीवरचा पूल ओलांडून पुढचेच स्थानक नायगावचे. अंतर म्हणावे तर काहीच नाही. पण शाळा बदलणार होती, आणि रोजची संध्याकाळ तर नक्कीच बदलणार होती.

पिचर मुलीने त्यावर काही म्हटले नाही. तिने फक्त चेंडूंची संख्या वाढवली. बाईंनी दिवसाला चाळीस जोरदार फेकींची मर्यादा घालून दिली होती, कारण वाढत्या वयात खांद्याची हाडे कोवळी असतात. ती मर्यादा दोन दिवस मोडली. तिसऱ्या दिवशी कॅचर मुलीने एकेचाळिसावा चेंडू परतच दिला नाही. तो कुशीत धरून ती भिंतीपाशी जाऊन बसली. “तुझा हात दुखेल,” ती म्हणाली, “आणि माझाही.” दोघी बराच वेळ तशाच बसून राहिल्या. डोंगरावर अंधार उतरला, महामार्गावर दिवे लागले. घरी जाताना त्या काही बोलल्या किंवा काय, हे त्यांनाच ठाऊक.

ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळची गोष्ट. उन्हाने भिंती तापलेल्या होत्या. त्या दिवसाचा सव्विसावा किंवा सत्ताविसावा चेंडू असेल. पिचर मुलीने पाऊल पुढे टाकले, हात फिरवला आणि चेंडू सोडला. कॅचरने सवयीप्रमाणे चेंडू कोठे येणार याचा अंदाज घेऊन हातमोजा पोटापाशी धरला. चेंडू मोज्याच्या वरून निघाला आणि तिच्या खांद्याजवळच्या हाडावर आदळला. ती मागच्या मागे बसली. जाळीचा मुखवटा गळून पडला, डोळ्यांत पाणी आले. पिचर मुलगी धावत आली, तिच्यापुढे गुडघे टेकून “लागलं का गं? खूप लागलं का?” असे विचारीत राहिली. तिच्या तोंडचे पाणी पळाले होते.

कॅचर मुलगी खांदा दाबून धरीत, रडता रडता, म्हणाली, “अगं, चाक होतं ते!”

आणि मग दोघींच्याही लक्षात आले. चार महिने या मुलीचे एकएक चेंडू झेलणारी, तिचा प्रत्येक झटका ओळखणारी ती कॅचर. तिच्या डोळ्यांतला आडाखा कोणत्याही फलंदाजाहून पक्का. तोही चुकला होता, आणि नेमका वीतभर खाली चुकला होता. राइज जमल्याचा याहून मोठा पुरावा कोठून आणावयाचा? खांद्यावर दुसऱ्या दिवशी जांभळाएवढा डाग उठला. कॅचर मुलीने तो वर्गात निदान दहा जणींना दाखवला.

त्यानंतर लगेच राइज रोज पडू लागला, असे कोणी समजू नये. त्याच संध्याकाळचे उरलेले सर्व चेंडू ‘स्क्रू’ निघाले. पुढल्या आठवड्यात एक, त्याच्या पुढल्या आठवड्यात तीन, इतकेच ‘चाक’ असे निघाले की ज्यांनी कॅचरला फसवले. त्यांतला शेवटचा दिवाळीच्या चार दिवस आधी पडला. नंतर टेम्पो आला, शिवणयंत्र आणि भांडी त्यात चढली, आणि मापाची फीत कॅचर मुलीने मैत्रिणीच्या हाती ठेवली. आईला दुसरी घेता येईल, असे ती म्हणाली.

सुट्टीत पिचर मुलीने भिंतीवर गोणपाट टांगून त्यावर चेंडू फेकले. गोणपाट चेंडू अडवीत असे, पण ‘चाक’ की ‘स्क्रू’ ते सांगत नसे. शाळा उघडल्यावर बाईंनी सहावीतली एक लहानखुरी मुलगी कॅचर म्हणून दिली. मुलगी धीट होती, परंतु चेंडू जवळ आला की डोळे घट्ट मिटून घेई. अशा मुलीपुढे राइज टाकणे म्हणजे तिच्या दातांशी खेळ. पिचर मुलीने आठ दिवस राइजचे नाव काढले नाही. दहा फुटांवर उभे राहून ती मऊ हाताने, संथ, सरळ चेंडू देत राहिली. तांबडा पट्टा कसा पाहावा, उभी रेघ म्हणजे काय, काटा गरगरतो म्हणजे काय, हे तिने त्या मुलीस पुन्हा पुन्हा समजावले. फिरकीचा एखादा चेंडू मधूनच देत असे, तोही सांगून.

नवव्या दिवशी त्या लहान मुलीने प्रथमच डोळे उघडे ठेवून चेंडू झेलला. तिने तो मोज्यातून काढला, पट्ट्याकडे एकवार पाहिले आणि मोठ्या आवाजात निर्णय दिला,

“स्क्रू.”